बत्तिसावी गाय

नोकरीतून निवृत्त झालो आणि मंठ्याची भाड्याची खोली सोडून अंबड तालुक्यातल्या आमच्या माळावर राहायला आलो, त्याला आता तिसरं वर्ष. माळ म्हणजे आजोबांना मिळालेली मुरमाड जमीन, तिला लागून खंडाने घेतलेला शेजारचा तुकडा, आणि मधोमध पत्र्याच्या दोन खोल्या. नांगर कधी त्या जमिनीत नीट शिरला नाही. शिरला असता तर तिथं कापूस झाला असता. गवत तसंच राहिलं, आणि त्या गवतावर माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, लाल कंधारी गायींचा कळप वाढवला.

अक्का दूध विकत नाही. गायीचं दूध वासराने प्यायचं, वासरू गवतावर मोठं व्हायचं, आणि ते वासरू विकायचं. गोऱ्हे जोडीने जातात, कालवडी पैदाशीसाठी लांबलांबून लोक येऊन नेतात. खर्च कमी ठेवायचा म्हणून तिने सगळं गवताच्या बेतानं बसवलेलं. वळू कळपात सोडायचा तो कार्तिक ते पौष एवढाच, म्हणजे गायी श्रावणानंतर हिरवं असताना वितात. माळाचे आठ तुकडे पाडलेत, प्रत्येकाला झटका मशीनची तार. रोज दुपारी गुरं एका तुकड्यातून दुसऱ्यात घ्यायची, मागच्या तुकड्याला उसंत द्यायची. आणि फाल्गुनात जनावरांच्या डॉक्टरला बोलावून प्रत्येक गाय तपासायची. जी गाभण नाही ती उन्हाळ्याच्या आत बाजारात. विकत आणलेला कडबा रिकाम्या गायीला घालायचा नाही. हा अक्काचा नियम. कळप फायद्यात चालतो तो या नियमामुळे, असं तिला भेटायला येणारे तरुण शेतकरी वहीत लिहून घेत. मी बाजूला बसून ऐकायचो आणि अक्काकडे बघणं टाळायचो.

कारण अक्का स्वतः सासरहून परत आलेली. लग्नानंतर आठ वर्षं मूल झालं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. एका दुपारी अंबडच्या स्टँडवर ती लाल डब्यातून उतरली, हातात पत्र्याची पेटी. तिकीट सासऱ्याने काढून दिलं होतं. पुढच्या वर्षी तिकडे दुसरं लग्न झालं. अक्काने त्याबद्दल आमच्यापैकी कुणाशी एक शब्द काढला नाही. वडील गेले, आई गेली, तरी नाही.

मी आल्यावर दुपारची मोजणी माझ्याकडे आली. वर्गात पोरं मोजायची सवय, त्यामुळे ते काम मला जमलं. नव्या तुकड्याचं फाटक उघडायचं, बाजूला उभं राहायचं, एकेक गाय आत जाताना मोजायची. वासरं वेगळी मोजायची. मोठी जनावरं एकतीस होती. वळू तेव्हा पलीकडे एकटा बांधलेला.

माघ संपत आला होता. बारा वाजून गेलेले, वारं पडलेलं, गवत पिवळं होऊन ताठ उभं. मी मोजलं तर बत्तीस झाली.

चुकलो असेन म्हणून आत जाऊन पुन्हा मोजलं. बत्तीस. मग कानातले पिवळे बिल्ले बघत फिरलो. हिवराच्या झाडाखाली, दाट सावलीत, एक गाय उभी होती. लाल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, शिंगं कानाकडे वळलेली. आमच्या सगळ्या गायी अशाच दिसतात. हिच्या कानात बिल्ला नव्हता. डाव्या कानाचा शेंडा कातरलेला होता, उलट्या आठासारखा.

मी तारेजवळ गेलो. मशीन टिक टिक करत होतं, झटका बरोबर येत होता. सगळा माळ पायी फिरलो. एक खांब कललेला नाही, एक तार सैल नाही, बाहेरच्या फाटकाची साखळी आतून घातलेली. शेवटी खोल्यांकडे येऊन अक्काला म्हणालो, "कुणाची तरी गाय आत आलीय."

अक्का भाकरी थापत होती. "फाटक उघडं राह्यलं असंल तुझं."

"न्हाई राह्यलं. तू चल."

ती हात धुऊन आली. हिवरापासून वीसेक पावलांवर थांबली आणि पुढे गेली नाही. ऊन डोक्यावर होतं. पदर नीट घेऊन ती त्या गायीकडे बघत राहिली, आणि गाय तिच्याकडे.

"कान बघितलास?" मी विचारलं.

"बघितला."

तो कान मला माहीत होता. अक्काने कळप सुरू केला तो तीन गायींवर, आणि त्यातल्या एकीचा कान काटेरी तारेत अडकून फाटला होता. सुट्टीत आलो होतो मी. मीच त्यावर हळद दाबून धरली होती. तीच गाय पुढे एक साल रिकामी गेली, आणि अक्काच्या नियमाने कळपातून गेलेली पहिली गाय ती. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. टेम्पोत चढवून अंबडच्या बाजारात नेली तीही मीच. ती अजिबात ओढाताण न करता चढली होती. उलट वळून खोल्यांकडे तोंड करून उभी राहिली, आणि टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत तशीच होती. अक्का त्या दिवशी बाहेर आली नव्हती.

"तीच हाय का?" मी म्हणालो.

"गाय हाय," अक्का म्हणाली. "तहानली असंल. हौद भर."

आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, बाहेरची बाधा असलं काही कधी मानलं गेलं नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला होता, आणि शेजारणीने माझ्या गळ्यात बांधलेला ताईत त्यांनी माझ्यादेखत चुलीत टाकला होता. मी स्वतः पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवर विचारून आलो, गावात सांगितलं, ग्रामपंचायतीत कळवलं. कुणाची गाय हरवलेली नव्हती.

ती राहिली. चरायची, शेण टाकायची, इतर गायींसारखी माश्या हाकायची. पण दुपारची मोजणी करताना मला काही गोष्टी दिसायला लागल्या. कळपात पुढे चालायचा मान एका म्हाताऱ्या गायीचा होता. गळ्यात घंटा असलेली, आडदांड, नव्या जनावराला शिंग लावल्याशिवाय न सोडणारी. तिने पहिल्याच दिवशी या गायीला वाट दिली. हिवराची सावली मोठी, एरवी तिथं गुरांची ढकलाढकल चालते. आता ती बत्तिसावी गाय सावलीत एकटी उभी आणि बाकीच्या सगळ्या उन्हात, तिच्याभोवती अर्धगोल करून. वासरं तर कुणाच्याही अंगाला खेटतात. एकही तिच्याजवळ गेलं नाही. तारेपलीकडचा वळू, जो गायीच्या वासानं एरवी जमीन उकरतो, तो ती जवळून गेली की खाणं थांबवून मान खाली घालायचा, आणि ती लांब गेल्यावरच पुन्हा खायला लागायचा.

आणि तिचा आवाज. तो मी ऐकलाच नाही. एकदाही ती हंबरली नाही.

"अक्का, हिला बाहेर काढू," मी आठवड्यानं म्हणालो.

"कुठं काढतो? रस्त्यावर?"

"मंग बाजारात ने."

अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून हौदाकडे गेलो.

फाल्गुनात डॉक्टर आले. तरुण मुलगा, हसरा, कामाला वेगवान. अरुंद वाटेत एकेक गाय घ्यायची, खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून तपासायची, "गाभण, तीन महिने", "गाभण, चार", असं मोठ्यानं सांगायचं, मी लिहायचं. त्या साली दोन रिकाम्या निघाल्या. एक घंटावाल्या म्हातारीची मुलगी, आणि दुसरी पहिल्यांदाच वळूबरोबर सोडलेली कालवड. शेवटी ती आली. स्वतःहून, कुणी न हाकता.

डॉक्टरांनी तपासलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. हात बाहेर काढला तेव्हा ते हसत नव्हते.

"रिकामी आहे," ते म्हणाले. मग तिचा जबडा धरून दात बघितले. "ही कुठून आणली?"

"आली," अक्का म्हणाली.

"दात बघा, पार झिजलेत. मावशी, ही बरीच म्हातारी गाय आहे. पण अंग बघितलं तर..." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मध्येच काढून घेतला. "गार लागतेय. ताप नाही ना काही? खाते ना?"

"खाते."

"बिल्ला मारू का? नोंद करावी लागेल."

"राहू द्या," अक्का म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर अक्का बाजेवर येऊन बसली. मग स्वतःच म्हणाली, "भाऊ, त्या व्यापाऱ्याला विचारून येऊ. त्यानं तवा कुणाला दिल्ती ते."

सात वर्षांत हा प्रश्न तिने विचारला नव्हता. भाकड गाय बाजारात गेल्यावर पुढे कुठे जाते, हे विकणारा विचारत नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

व्यापारी अंबडच्या बाजारात भेटला. थकला होता, आता बसूनच सौदे करायचा. कातरलेल्या कानाची लाल गाय म्हणताच घाबरला.

"मी कसायाला देत न्हाई, बाई. तवा बी न्हाई, आता बी न्हाई. कायदा किती कडक हाय."

"तसं म्हणून न्हाई राह्यले मी," अक्का म्हणाली. "कुठं गेली तेवढं सांगा."

त्याने डोळे मिटून आठवलं. जनावरं आठवायची व्यापाऱ्यांची रीतच वेगळी. "शहागडच्या अलीकडं, हायवेला लागून मळा हाय. तिथल्या म्हाताऱ्याला दिल्ती. लाल गाय, कान कातरलेला, बराबर. त्याला दुधाची न्हाई, शेणाची गाय पाह्यजे व्हती."

तिथून बस पकडून आम्ही शहागडकडे निघालो. हायवेच्या कडेला ट्रक थांबलेले, धाब्यांचा धूर, आणि खाली नदीकडे उतरत जाणारे उसाचे मळे. म्हातारा वारला होता. त्याची सून घरी होती, चाळिशीतली, अंगणात हरभरा झोडपत. अक्काने सांगितलं तसं तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुमची व्हती का ती? लई गुणी गाय. आमच्या मामंजींचा लई जीव."

"व्हती म्हंजे?"

"मेली की. तीन सालं झाली."

मी अक्काकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही. "कशानं?"

"विऊन मेली," ती म्हणाली. "आमच्याकडं आल्यावर पहिल्या सालात काहीच न्हाई. दोन सालं, तीन सालं. मामंजी म्हणायचे, राहू दे, शेण तर देती. आणि मंग एकदम गाभण राह्यली. आम्हाला तर पोट दिसायला लागल्यावर कळलं. कालवड झाली. लाल, आईसारखी. पण हिची वार पडली न्हाई, दोन दिवस पडून व्हती, तिसऱ्या दिवशी गेली."

"डॉक्टर?"

"आल्ते. उशीर झाल्ता."

अक्काने विचारलं, "कुठं पुरली?"

तिने आम्हाला बांधावर नेलं. कडुनिंबाखाली जमीन थोडी उंचवटलेली होती, वर गवत वाढलेलं. म्हाताऱ्याने एक दगड उभा ठेवला होता, शेंदूर नाही, काही नाही, नुसता दगड. तीही दुपारच होती. उसातून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, दुसरं काही नाही.

मी सुनेला विचारलं, "कालवडीचं काय झालं?"

"बाटलीनं वाढवली. मागल्या साली विकली. मंठ्याकडच्या माणसानं नेली."

माझ्या मनाला आधार सापडला. कालवड आईसारखी दिसते, कुठूनतरी सुटली असेल, भटकत भटकत आली असेल. "तिचा कान कसा होता? डावा?"

"कान?" तिला प्रश्न कळला नाही. "दोन्ही चांगले व्हते की. का?"

व्यापाऱ्याची गफलत झाली असेल, सुनेची आठवण चुकली असेल, मंठ्याच्या माणसाकडे कालवडीचा कान फाटला असेल. असे चार खुलासे मी परतीच्या बसमध्ये मनात मांडले. दात कसे झिजले याचा खुलासा मिळाला नाही. अक्का खिडकीशी बसली होती. बरंच अंतर गेल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "तिला व्हणार व्हतं, भाऊ. उशिरा व्हणार व्हतं."

 माझी थोरली बहीण रडते कशी, हे मी सत्तरीतल्या त्या बाईकडे बघून पहिल्यांदा पाहिलं. आवाज नव्हता. नुसते डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

त्या उन्हाळ्यात अक्काने एकही गाय विकली नाही. नियम पाळणारे शेतकरी फोन करून विचारत, दोन रिकाम्या काढल्या का? अक्का सांगायची, एक साल जादा देऊन बघते. कडबा जास्त आणावा लागला. तीन तुकडे वैशाखातच संपले, आणि मी कुरकुर केली. ती म्हणाली, "आपुन दोघं काय खाऊन राह्यलोत एवढं? निघंल."

वैशाखातल्या एका दुपारी मोजणी झाल्यावर दोघी दिसल्या नाहीत. अक्काही नव्हती, ती गायही नव्हती. माळ पांढरा पडला होता, जमिनीवरून झळा उठत होत्या. मी शोधत मागच्या तुकड्यात गेलो, जिथं त्या दिवसांत चरायला काहीच उरलेलं नव्हतं. हिवराखाली अक्का जमिनीवर बसली होती, पाय पसरून, आणि गाय तिच्यासमोर उभी, तोंड तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

अक्का बोलत होती.

मी झाडामागे थांबलो. ऐकायचं नव्हतं, पण पाय निघाले नाहीत.

"अठराची व्हते लग्नात," अक्का म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "न्हाई, सासू चांगली व्हती. सासरा बी वाईट न्हाई." पुन्हा थांबली, कुणी काही विचारावं आणि आपण ऐकून घ्यावं एवढी. "महिनाभर जाऊन ये म्हणले. मी पेटीत दोनच लुगडी घातली, महिनाभराचं म्हणून." थांबली. "न्हाई, मला म्हाईत नव्हतं. बस चालू झाल्यावर कळलं. सासऱ्यानं खिडकीतून माझ्या हातात माझं मंगळसूत्र दिलं, तवा कळलं. घरीच राह्यलं व्हतं ते, फळीवर, न्हाताना काढलेलं. त्यानं ते आणलं आठवणीनं, माझं तिथं काही राहू नये म्हणून." मोठा विराम. "व्हय. असंच वळून बघितलं मी बी."

 या गोष्टी मी साठी पालटेपर्यंत ऐकल्या नव्हत्या. आणि अक्का त्या सांगत नव्हती. ती विचारलेल्याला उत्तरं देत होती. गायीचे कान हलत नव्हते. रवंथ थांबलेलं. मी एक पाऊल मागे टाकलं, वाळकं गवत मोडलं, आणि गायीने मान न हलवता नुसती नजर माझ्याकडे वळवली.

मी निघून आलो. अक्का तासाभराने आली, हातपाय धुतले, चहा ठेवला. तिचा चेहरा कसा होता सांगू? हलका होता. मला कधी न दिसलेला, आमच्या आईच्या जुन्या फोटोतल्यासारखा.

श्रावणात गायी विऊ लागल्या. घंटावालीची मुलगी आणि ती रिकामी निघालेली कालवड, दोघींना आदल्या हंगामात काही नसलं तरी पुढल्या कार्तिकानंतर दोघीही गाभण राहिल्या, आणि परवाच्या भाद्रपदात दोघींना कालवडी झाल्या. तरुण शेतकरी आता ही नवी गोष्टही लिहून नेतात. त्यांना वाटतं, अक्काने काही गणित मांडलंय.

ती गाय आहे अजून. ती वीत नाही, माजावर येत नाही, तिचं अंग वाढत नाही की उतरत नाही. रोज दुपारी अक्का तासभर तिकडे जाते. मी जात नाही. रात्रीची मला भीती वाटत नाही, पण बारा ते एक मी खोलीत रेडिओ लावून बसतो.

गेल्या आठवड्यात अक्का तिकडून आली आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "उद्या डॉक्टरला बोलाव. त्या बारक्या पांढऱ्या पायाच्या कालवडीला दुखून राह्यलंय. पुढचा उजवा पाय."

"लंगडत तर न्हाई ती. आज सकाळीच बघितली मी."

"बोलाव."

"तुला कुणी सांगितलं?"

अक्का चहा प्याली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कालवड धावत पळत होती, तिला धरायलाच अर्धा तास गेला. त्यांनी पाय उचलला, खूर दाबून बघितलं, काही नाही म्हणाले. अक्का म्हणाली, "आत बघा." त्यांनी दोन खुरांच्या मधली जागा धुऊन, चिमटा घालून बघितलं, आणि बोटभर लांबीचा बाभळीचा काटा ओढून काढला. मागोमाग पू आला.

"अजून चार दिवसांनी पाय गेला असता," ते म्हणाले. "बाहेरून काहीच दिसत नव्हतं. कसं ओळखलंत, मावशी?"

अक्काने त्यांच्या हातावर पाणी घातलं. तारेपलीकडे, ओळीने उभ्या असलेल्या गायींच्या मागे, ती उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. डॉक्टरांनीही तिला बघितलं. त्यांनी हात पुसले, पिशवी भरली, आणि त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.